भित्तिपत्रक का चालावे?
('चांदोबा' मासिकावरून सुचलेले विचार)

प्रिय वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो आणि शाळेत आलेल्या पालकांनो,



गेल्या महिन्यातल्या बालसभेत आपले भित्तिपत्रक बंद करावे असा विचार निघाला, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तो कोणी काढला हेही ठाऊक आहे. मीच काढला. मी उभी राहून म्हणाले, "गुरुजी, हा फळा कोणी वाचत नाही. त्यापेक्षा तिथे वेळापत्रक लावू." पाच-सहा जणांनी लगेच टाळ्या वाजवल्या. गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "ठीक आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हात वर करून ठरवू. पण ज्याला जे वाटते ते त्याने आधी लिहून इथेच लावायचे. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते."

म्हणून हा लेख लिहीत आहे. पण मधल्या काळात माझे मत बदलले. भित्तिपत्रक बंद करू नये, असे आता माझे मत आहे. ते का बदलले हे सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, "हिचं काय, आज एक आणि उद्या एक!"

आधी खरे कारण सांगते. बालसभेत मी म्हटले की फळा कोणी वाचत नाही. ते खोटे होते. निदान एक जण तरी वाचत होता. मी जुलैपासून 'हरवलेला बैल' ही गोष्ट क्रमशः लिहीत होते. तीन भाग लावले. तिसऱ्या भागाच्या शेवटी मुलगा रात्री नदीच्या पात्रात एकटा उभा असतो आणि त्याला लांबून घुंगरांचा आवाज येतो. तिथे मी 'क्रमशः' लिहिले आणि पुढचा भाग लिहिलाच नाही. आधी चाचणी परीक्षा आली, मग घरी सोयाबीन काढायची घाई होती, मग नुसता कंटाळा. दुसरीतला एक छोटा मला रोज परिपाठाला जाताना गाठायचा आणि विचारायचा, "ताई, बैल सापडला का?" मी म्हणायचे, "उद्या सांगते." असे खूप उद्या झाले. शेवटी मी दुसऱ्या दाराने वर्गात जाऊ लागले. फळा बंद झाला असता तर तो प्रश्नही बंद झाला असता. माझ्या सूचनेमागे हे होते. हसू नका.

दिवाळीच्या सुटीत घर सारवताना आजीने माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढायला लावली. पेटीत जुनी भांडी असतील असे मला वाटले, पण निघाले 'चांदोबा' मासिकाचे अंक. सुतळीने बांधलेले, कडा पिवळ्या पडलेल्या. मोजले तर एकतीस निघाले. सगळे १९८४ ते १९८९ या सालांतले; मधले काही महिने नव्हते. आमचे आजोबा पोस्टात होते, टपाल वाटायचे. त्यांनी हे मासिक माझ्या आत्यासाठी आणि बाबांसाठी लावले होते. आजीला वाचता येत नाही. पण ती म्हणाली, "मला अक्षर येत नाही, पण वेताळ येतो." आजोबांचा नियम होता की अंक आला की आधी एकाने मोठ्याने वाचायचा आणि मग ज्याने त्याने आपापला घ्यायचा. आजी चुलीपुढे भाकरी थापता थापता ऐकायची. तिला अजून सात-आठ गोष्टी जशाच्या तशा पाठ आहेत.

सुटीत मी ते एकतीस अंक वाचून काढले. मग गुरुजींच्या मदतीने या मासिकाची माहिती मिळवली. ती आधी सांगते, कारण माझे मत तिच्यावरच उभे आहे.

'चांदोबा' हे मासिक मूळचे मराठी नव्हे. जुलै १९४७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या एक महिना आधी, मद्रास शहरातून 'चंदामामा' या नावाने ते तेलुगू भाषेत आणि 'अंबुलिमामा' या नावाने तमिळ भाषेत निघाले. मद्रास म्हणजे आजचे चेन्नई. ते काढणारे दोन मित्र होते, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी. हे दोघे चित्रपटही काढीत. १९५७ सालचा 'मायाबाजार' हा दक्षिणेतला प्रसिद्ध चित्रपट त्यांच्याच संस्थेचा. मराठी 'चांदोबा' एप्रिल १९५२ मध्ये सुरू झाला. पुढे हेच मासिक हिंदी, कन्नड, मल्याळम, गुजराती, ओडिया, बंगाली, इंग्रजी अशा बारांहून अधिक भाषांत निघाले. १९८४ साली तर संस्कृतमध्येही निघाले. नावे वेगवेगळी, पण अर्थ बहुतेक ठिकाणी एकच, चांदोमामा. आपल्या गावातली मुलगी जे चित्र बघत होती तेच चित्र केरळातला मुलगा बघत होता. फक्त खालचे अक्षर वेगळे. हे वाचून मला फार गंमत वाटली.

१९५२ पासून १९८० साली मृत्यू येईपर्यंत कोडवटिगंटी कुटुंबराव या तेलुगू लेखकांनी या मासिकाच्या संपादनाचे काम पाहिले. भाषा सोपी, बोलण्यातली असावी याकडे त्यांचे लक्ष असे. चित्रकारही एकापेक्षा एक होते. 'चित्रा' या नावाने टी. व्ही. राघवन काढीत. मुखपृष्ठे काढणारे वड्डादि पापय्या 'वपा' अशी छोटी सही करीत. एम. टी. व्ही. आचार्य यांची महाभारतावरची चित्रे लोकांना फार आवडली. आणि 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, असा चालणारा विक्रम राजा यांनीच काढला. ते १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत 'चंदामामा'त लागले आणि जवळजवळ साठ वर्षे तिथेच चित्रे काढीत राहिले. २०२० साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. साठ वर्षे! आणि मला चौथा भाग लिहायचा कंटाळा आला होता.

आता या मासिकातल्या नेहमीच्या सदरांकडे येते. माझ्या मताचे कारण तिथेच आहे.

पहिले सदर अर्थातच विक्रम आणि वेताळाचे. आमच्या एकतीस अंकांपैकी एकाही अंकात ते चुकलेले नाही. त्याची सुरुवात ठरलेली आणि शेवटही ठरलेला. विक्रम राजा हट्ट न सोडता झाडाजवळ जातो, प्रेत खाली उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि मुकाट्याने स्मशानाकडे चालू लागतो. प्रेतातला वेताळ म्हणतो, तुला श्रम वाटू नयेत म्हणून गोष्ट सांगतो. गोष्ट संपली की तो एक अवघड प्रश्न घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, अशी धमकीही देतो. राजा उत्तर देतो. उत्तर बरोबर येते, पण मौन सुटते, आणि वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मी आजीला विचारले, "आजी, राजाला कधीच वेताळ मिळत नाही, हे सगळ्यांना माहीतच होतं ना? मग ऐकायची कशाला?"

आजी म्हणाली, "अगं, शेवट माहीत होता, पण मधलं काय ते माहीत नव्हतं. आणि वेताळाचा प्रश्न आला की तुझे आजोबा पुस्तक मिटून ठेवायचे. म्हणायचे, आधी तुम्ही सांगा. मग घरभर भांडण. शेजारची माणसंसुद्धा यायची उत्तर द्यायला."

बघा मित्रांनो, संस्कृतातल्या मूळ वेताळाच्या गोष्टी पंचवीसच आहेत. म्हणूनच आपण 'वेताळ पंचविशी' म्हणतो. दर महिन्याला एक छापली तर दोन वर्षे आणि एक महिना, की संपल्या. पण 'चांदोबा'ने हे सदर थांबवले नाही. चौकट जुनीच ठेवली आणि आत नव्या गोष्टी घातल्या. अशा शेकडो गोष्टी झाल्या. मला याच्यात मोठी युक्ती दिसते. आपल्या फळ्यासाठी दर महिन्याला 'या वेळी काय लावायचं?' असा प्रश्न पडतो. कोणी काही आणत नाही. मग आपण मागच्या वर्षीचे सुविचार पुन्हा उतरवतो. जागा ठरलेली असती, काम ठरलेले असते, तर निम्मी अडचण संपली असती. उरले असते फक्त मधले काय ते शोधणे.

दुसरे म्हणजे क्रमशः चालणारी मोठी गोष्ट. जादूगार, राजपुत्र, जंगल, गुहा असे त्यात असे. त्याशिवाय रामायण-महाभारतासारख्या ग्रंथांतली कथाही महिन्या-महिन्याने पुढे सरके. आत्या सांगते की गोष्ट ऐन रंगात आली की अंक संपायचा. मग ती आजोबांच्या टपालाच्या पिशवीकडे बघत बसायची. पण पुढचा भाग यायचाच. म्हणून तर ती थांबायची. एकदा नाही आला तर दुसऱ्यांदा कोण थांबेल? आपल्या फळ्यावर हाच अपराध माझ्याकडून झाला. वाचत कोणी नाही असे मी म्हटले, पण वाचणाऱ्याला मीच वाऱ्यावर सोडले होते.

तिसरे सदर फोटोंच्या स्पर्धेचे. मला हेच सर्वांत आवडले. दोन फोटो छापलेले असत. एकात समजा मांजर, दुसऱ्यात लहान मूल. वाचकाने दोन्ही फोटोंना शोभेल आणि एकमेकांशी जुळेल अशी थोडक्या शब्दांची जोडी सुचवायची आणि पोस्टकार्डावर लिहून पाठवायची. निवडलेल्या जोडीला बक्षीस, आणि पुढच्या एखाद्या अंकात नावगाव छापून येई. आमच्या आत्याने नऊ वेळा पोस्टकार्डे पाठवली. एकदाही नंबर आला नाही. मी विचारले, "मग वाईट नाही वाटलं?" ती म्हणाली, "वाटायचं की! पण कार्ड टाकलं की महिनाभर वाटायचं, मद्रासला कुणीतरी माझं अक्षर वाचतंय."

हे तिचे वाक्य माझ्या मनात बसले. आपल्या गावातून मद्रासला पोस्टकार्ड जायचे आणि तिथे ते कोणीतरी वाचायचे. आणि आपला फळा तर वर्गाबाहेर, वीस पावलांवर आहे. तिथे आपण कधी कोणाला काही विचारले का? नाही. आपण नुसते लावतो. वाचणाऱ्याने वाचावे आणि निघून जावे. त्याच्याकडे आपण काहीच मागत नाही. म्हणून तो थांबत नाही, असे माझे मत झाले आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'चांदोबा'तले सगळेच मला पटले असे नाही. मी वाचलेल्या अंकांत राजे फार आहेत. राजा, प्रधान, जमीनदार, व्यापारी, मांत्रिक हेच पुन्हा पुन्हा येतात. शहाणपणा करणारा बहुतेक वेळा मुलगाच असतो आणि मुलीचे लग्न कोणाशी व्हावे हाच वेताळाचा प्रश्न असतो. एका गोष्टीत राजकन्या बक्षीस म्हणून दिली. मी आजीला म्हटले, "तिला कोणी विचारलं का?" आजी हसली आणि म्हणाली, "तू लिही की मग तशी गोष्ट, जिच्यात विचारतात." शिवाय 'चांदोबा'तल्या गोष्टी मोठ्या माणसांनी लिहिलेल्या असत. मुलांचा हात त्या फोटोंपुरता. आपला फळा याच्या उलट आहे. इथे मुलेच लिहितात. ही आपली बाजू वरचढ आहे, ती आपण सोडू नये. म्हणून मी असे म्हणत नाही की 'चांदोबा'ची नक्कल करा. त्याची शिस्त घ्या, एवढेच म्हणते.

बालसभेत आणखी तीन हरकती निघाल्या होत्या. त्यांना माझे उत्तर असे.

पहिली हरकत, "आता मोबाइल आहे, फळा कशाला?" मोबाइलला मी नावे ठेवत नाही. या लेखातली बरीच माहिती गुरुजींनी त्यावरच शोधून दाखवली. पण २०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हाचे आठवा. आपण तेव्हा अगदी लहान होतो. पुष्कळ घरांत एकच मोबाइल, तोही बाबांबरोबर शेतात. कोणाला धडा मिळाला, कोणाला नाही. भिंत मात्र सर्वांची आहे. तिला रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही. आणि भिंतीपुढे आपण एकटे उभे राहत नाही. मोठा वाचतो, लहान ऐकतो. ज्याला अजून जोडाक्षर येत नाही तोही कोणाच्या तरी बाजूला उभा राहून गोष्ट घरी नेतो. आमच्या आजीने 'चांदोबा' असाच घेतला, कानाने.

दुसरी हरकत, "सगळे उतरवूनच आणतात." हे खरे आहे. सुविचार पुस्तकातला, विनोद पेपरातला, कोडे मागच्या वर्षीचे. पण चूक नुसती उतरवणाऱ्याची नाही. आपण 'काहीतरी लिहून आणा' असे सांगतो. 'काहीतरी' म्हटले की माणूस उतरवूनच आणतो. 'तुमच्या आजीच्या लहानपणी शाळा कशी होती ते विचारून दहा ओळी लिहा' असे सांगितले तर कुठून उतरवणार?

तिसरी हरकत, "ठरलेली सदरे झाली की तेच ते होईल, कंटाळा येईल." माझेही आधी असेच मत होते. पण जेवणात रोज भाकरी असते म्हणून जेवणाचा कंटाळा येतो का? भाकरी ठरलेली, कालवण बदलते. वेताळ म्हणजे भाकरी, त्याची गोष्ट म्हणजे कालवण, एवढेच मला म्हणायचे आहे.

कोणी म्हणेल, "एवढा चांगला होता तर 'चांदोबा' बंद का पडला?" हा प्रश्न रास्त आहे. १९९८ साली कामगारांच्या तंट्यामुळे हे मासिक बंद पडले आणि सुमारे वर्षभराने पुन्हा सुरू झाले. २००७ साली ते मुंबईच्या जिओडेसिक या कंपनीने घेतले. २०१३ च्या सुमारास अंक निघणे थांबले. म्हणजे माझा जन्म आणि 'चांदोबा'चा शेवट जवळजवळ एकाच वेळचा. म्हणून मी नवा अंक कधी हातात घेतला नाही. पण म्हणून मासिकांचे दिवसच संपले, असे मात्र नव्हे. आपल्या वाचनपेटीत 'किशोर' आहे. ते बालभारतीचे मासिक. पहिला अंक नोव्हेंबर १९७१ चा, पहिले संपादक वसंत शिरवाडकर. २०२१ साली त्याला पन्नास वर्षे झाली आणि ते अजून निघते. त्याचे जुने अंकही आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात. गुरुजींनी आम्हांला ते उघडून दाखवले. तेव्हा मासिके बंदही पडतात आणि चालतातही.

एक मात्र मला समजले. 'चांदोबा' बंद पडून इतकी वर्षे झाली तरी आमच्या माळ्यावरचे एकतीस अंक अजून वाचता येतात आणि आजीच्या तोंडी तर न छापता चालूच आहेत. जे मन लावून केलेले असते ते राहते. आपल्या फळ्याचे गेल्या वर्षीचे कागद कुठे आहेत? मी शोधले. काही फडताळात चुरगळलेले सापडले, बाकीचे नाहीत. पाचवीतल्या मुलांनी नदीच्या पुरावर लिहिलेले चांगले पानही गेले. याचे मला खरोखर वाईट वाटले.

म्हणून माझी सूचना अशी आहे. फळा बंद करू नये. त्यावर पाच सदरे ठरवावीत आणि ती त्याच जागी, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लागावीत.

१. 'गावची खबर' : एकच बातमी, पण स्वतः जाऊन विचारून आणलेली. ऐकीव नको. हे काम सहावीचे.

२. 'सांगा पाहू' : वेताळासारखा एक प्रश्न, ज्याला एकच उत्तर नाही. उदाहरणार्थ, विहिरीला पाणी थोडे आहे, आधी गुरांना द्यावे की रोपांना? उत्तरे चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायची. चांगली उत्तरे पुढच्या महिन्यात नावासह लावायची. हे काम सातवीचे.

३. 'दोन चित्रे, एक जोडी' : 'चांदोबा'तल्या फोटोंच्या स्पर्धेवरून. चित्रे तिसरी-चौथीने काढायची. पहिली-दुसरीच्या मुलांना लिहिता येत नसेल तर त्यांनी तोंडी सांगावे, मोठ्यांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. सुधारू नये.

४. 'क्रमशः' : मोठी गोष्ट. पण एक कडक नियम. पूर्ण गोष्ट लिहून बाईंकडे दिल्याशिवाय पहिला भाग लावायचा नाही. हा नियम माझ्यामुळे करावा लागत आहे, हे मी कबूल करते.

५. 'घरातले सांगतात' : आई-वडील, आजी-आजोबा यांनी सांगितलेले आपण लिहायचे. हे काम पाचवीचे. पालकहो, इथे तुमची मदत लागेल. पालकसभेला आलात की गुरुजींना मुलाचे मार्क विचारता, तसे दोन मिनिटे या फळ्यापुढेही उभे राहा. तुमच्या मुलाचे पान असेल तर त्याच्यासमोर वाचा. वाचता येत नसेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. त्याला किती बरे वाटेल ते तुम्हांला सांगून कळायचे नाही.

आणि महिना संपला की कागद फडताळात न कोंबता, भोके पाडून सुतळीने बांधून ठेवावेत. आजोबांनी बांधले तसे. खर्च फार नाही. ड्रॉइंग पेपर, स्केचपेन, टाचण्या आणि एक सुतळीचा गुंडा. वेळ मात्र लागेल, तो आपल्याकडेच आहे.

शेवटी वेताळाचे एक सांगते. उत्तर माहीत असून जो गप्प बसेल त्याच्या डोक्याची शकले होतील, असे तो म्हणतो. बैल सापडला की नाही हे मला जुलैपासून माहीत होते आणि मी गप्प होते. तो छोटा मात्र विचारत राहिला. आता त्याने विचारणे सोडले आहे. परवा तो माझ्या समोरून गेला आणि नुसता हसला. तो प्रश्न विचारत होता तेव्हा मला जेवढे अवघड वाटत नव्हते तेवढे तेव्हा वाटले.

म्हणून 'हरवलेला बैल' या गोष्टीचा चौथा आणि शेवटचा भाग याच लेखाच्या खाली, लहान मुलांची नजर पोचेल अशा उंचीवर, मोठ्या अक्षरांत लावला आहे. उशीर झाला याबद्दल त्याची आणि सर्वांची माफी मागते. त्याला कोणी भेटले तर कृपया सांगा. नाहीतर राहू द्या, मीच सांगेन.

शनिवारी हात वर करताना विचार करून करा. माझा हात भित्तिपत्रक चालू ठेवण्याच्या बाजूने असेल. तुमचे मत वेगळे असेल तर तेही लिहून माझ्या लेखाशेजारी लावा. जागा सोडली आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.

तुमचीच,
इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी